चालवायची का वाजवायची?

मोटारीचे इंजीन एकदा उघडून ठेवले, की ते परत मिटायच्या आत आपल्याला शहाणे करून सोडणारी निदान अकरा माणसे दारावरून जातात. एरवी या माणसांचे एकमेकांशी कशावरही जमणार नाही. चहात दूध आधी घालायचे की नंतर, यावरून ती हमरीतुमरीवर येतील. पण उघडे इंजीन दिसले, की अकराही जण एका सुरात म्हणतात, "आता उघडलंच आहे, तर कॅम बदलून टाक की!"

"उघडलंच आहे, तर" या शब्दांइतके महाग शब्द कुठल्याही भाषेत नसतील. मोरीची गळकी तोटी बदलायला माणूस येतो आणि "फरशी उकरलीच आहे, तर" असे म्हणत म्हणत सहा महिन्यांनी नवा ओटा, नव्या टाइल्स आणि नवे कर्ज मागे ठेवून जातो. डॉक्टर मंडळी हे वाक्य पेशंटला भूल दिल्यावर उच्चारत असावीत, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, इतकेच.

मी या वाक्याला बळी पडलेला माणूस आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते समतोल वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या बाजूचा विचार मी दीड वर्ष तिच्यात बसून केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या स्पोर्ट्स गाडीचे इंजीन बांधताना ज्याला जोरकस, शर्यतीचा, शौकिनांच्या भाषेत 'गरम' कॅमशाफ्ट घ्यावासा वाटतो, त्याने आधी आपण रोज कुठे कुठे जातो ते एका कागदावर लिहावे, आणि मग कॅटलॉग मिटावा.

मी मूळचा पुण्याचा. १९७४ साली बर्मिंगहॅमला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो आणि पेन्शन होईपर्यंत चिकटूनच राहिलो. १९८६ साली मी एक जुनी एमजीबी घेतली. १९६९ चे मॉडेल, गडद हिरवा रंग, तारांची चाके. ती दारात आणून उभी केली तेव्हा आमची सौभाग्यवती दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आली.

"अहो, हिला मागची सीट कुठाय?"

"नाहीये."

"आणि छप्पर?"

"आहे की. पण ते काढता येतं."

"म्हणजे ज्या देशात बारा महिने पाऊस पडतो, त्या देशात तुम्ही मुद्दाम पैसे देऊन बिनछपराची गाडी घेतलीत."

याला उत्तर नव्हते आणि अजून सापडलेले नाही. पण पुढे हीच बाई डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर थर्मास घेऊन त्या गाडीत अशी बसू लागली, की गाडी जणू तिच्या माहेरून आलेली आहे. पंचवीस वर्षे आम्ही तिच्यातून हिंडलो. वेल्सचे डोंगर पाहिले, समुद्र पाहिला आणि मुख्य म्हणजे दर शनिवारी भाजी आणली.

एमजीबी म्हणजे काही आभाळातून उतरलेली अप्सरा नव्हे. १९६२ ते १९८० या काळात ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी तयार होत होती. तिच्या पोटातले १७९८ सीसीचे इंजीन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी सिरीज' इंजीन. याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजीन आपल्या अँबॅसिडरला होते. म्हणजे ज्या गाडीतून आमचे मामा सात माणसे, दोन ट्रंका आणि एक फणस घालून वरंध घाट चढत, ती गाडी आणि ही हिरवी नखरेल बाई या सख्ख्या चुलतबहिणी. एक सरकारी नोकरीत गेली, दुसरी सिनेमात, एवढाच फरक. मामांच्या अँबॅसिडरने कधी कुणाला मागे टाकल्याचे मला आठवत नाही. पण तिने कधी कुणाला रस्त्यावर टाकल्याचेही आठवत नाही. हे घराण्याचे वळण मी विसरलो, तिथेच माझे चुकले.

कॅमशाफ्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत. ठाऊक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मात्र ते दोनदा वाचावेत.

सिलिंडर म्हणजे मंगल कार्यालयातला पंगतीचा हॉल समजा. त्याला दोन दारे. एका दाराने पेट्रोल आणि हवा ही मंडळी आत येतात, जेवणावळ उडते, आणि दुसऱ्या दाराने धूर होऊन बाहेर पडतात. या दारांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. कॅमशाफ्ट म्हणजे कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून दारांवर उभा असलेला कार्यालयाचा मॅनेजर. क्रँक दोनदा फिरला, की हा एकदा फिरतो आणि त्याच्या अंगावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे ठरवतात, की कुठले दार कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी लावायचे. इंजीन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक दार सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. एवढे काम करून हा मॅनेजर कधी चहा मागत नाही. थोडे तेल मागतो.

आता यातली खुबी अशी, की पहिली पंगत पुरती उठायच्या आतच दुसऱ्या पंगतीला दार उघडावे लागते. मूळच्या एमजीबीत आत यायचे दार पिस्टन माथ्यावर पोचायच्या १६ अंश आधी उघडते आणि बाहेर जायचे दार माथा ओलांडल्यावर २१ अंशांनी मिटते. म्हणजे ३७ अंशांपुरती दोन्ही दारे एकदम उघडी. इंजीन पळत असले, की जाणारी मंडळी अशा झपाट्याने जातात, की त्यांच्या ओढीने नवी मंडळी आपोआप आत खेचली जातात. पण इंजीन हळू चालत असले, की जाणारे दारातच विडा चघळत घुटमळतात, येणारे त्यांच्या अंगावर येतात, "अरे वा, केव्हा आलात?" सुरू होते, आणि काही जाणारे तर येणाऱ्यांबरोबर बोलत बोलत पुन्हा आत जाऊन पानावर बसतात. गरम कॅम म्हणजे दोन्ही दारे जास्त वेळ उघडी ठेवणारा मॅनेजर. ६००० फेऱ्यांवर त्याच्यासारखा कारभारी नाही आणि ८०० वर त्याच्यासारखा घोळ घालणारा नाही.

त्यातून या बी सिरीज इंजिनाची एक कौटुंबिक अडचण आहे. सिलिंडर चार, पण आत यायच्या वाटा दोनच. पहिल्या-दुसऱ्यात एक आणि तिसऱ्या-चौथ्यात एक. ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे दुसरा जेवायला बसतो न बसतो तोच पहिला त्याच वाटीत हात घालतो. मूळचा कॅम हे दार २५२ अंश उघडे ठेवतो, तेव्हा दोघा भावांचे हात ७२ अंशांपुरते एका वाटीत असतात. ३०० अंशांचा कॅम बसवला, की १२० अंश! एकाच वाटीत दोन मुलांनी हात घातला की एकाला जास्त मिळते आणि दुसरा रडतो, हे ज्यांच्या घरी दोन मुलगे आहेत त्यांना इंजिनियर होण्याची गरज नाही.

हे सगळे मला तेव्हाही माहीत होते. ड्रॉइंग ऑफिसात मी आयुष्य काढले होते. पण माहीत असणे आणि कॅटलॉग हातात असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

२०११ च्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडू लागली. बोअर झिजले होते, रिंगा गेल्या होत्या. इंजीन उतरवून गराजमध्ये टेबलावर मांडले आणि अकरा जण दारावरून जाऊ लागले. एकाने शर्यतीचे बिल्ले लावलेले जाकीट घातले होते. त्याने म्हणे ३०० च्या खालचा कॅम कधी हातात धरला नव्हता. (त्याची स्वतःची गाडी चार वर्षे ताडपत्रीखाली होती, हे मला मागाहून कळले.) दुसऱ्याने विचारले, "तुझे घोडे किती?" मूळ इंजिनाची ताकद ९५ अश्वशक्ती. ते ऐकून, जावयाचा पगार ऐकल्यावर काही लोक जसे "असू दे, असू दे" म्हणतात, तसे तो म्हणाला. कॅटलॉगातली कॅमची पाने म्हणजे तर सराफाचे दुकान. २७०, २८५, ३००, अशी चढती रांग आणि शेजारी आलेख. ते आलेख २५०० फेऱ्यांच्या पुढेच सुरू होत होते. त्याच्या खाली काय होते, हे तिथे छापलेले नव्हते. लग्नाच्या फोटोत घरातला तिरसट काका जसा नसतो, तसे ते.

या सगळ्या गर्दीत उलटे बोलणारा माणूस एकच. आमचा कोल्हापूरकर. आम्ही दोघे एकाच वर्षी या देशात आलो. तो फाउंड्रीत, मी ड्रॉइंगवर. तो मला 'पुणेकर' म्हणे आणि मी त्याला 'कोल्हापूरकर'. आमच्या बायका सोडल्या तर आमची खरी नावे कुणाला माहीत नसावीत. गेली पंचवीस वर्षे माझ्या गाडीखाली माझ्याइतकाच तोही आडवा झाला होता. त्याने कॅटलॉग बघितला, चष्मा काढला, आणि म्हणाला :

"पुणेकर, गाडी चालवायची हाय, का नुसती वाजवायची?"

"अरे, पण पॉवर—"

"पॉवर घेऊन जाणार कुठं लेका? वैनींना घेऊन भाजीलाच जाणार न्हवं? मूळचाच घाल. नवा घाल, चांगला घाल, पण मूळचा घाल."

कोल्हापूरकराचे ऐकायचे, तर मी पुणेकर कशाला झालो असतो? मी ३०० अंशांचा कॅम मागवला.

आता खोटे कशाला बोलू? पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये काटा ५००० च्या पुढे गेला, तेव्हा पाठीत लाथ बसावी तशी गाडी सुटली. इंजीन गायला लागले. एकसष्ट वर्षांचा मी 'हाऽऽ' करून ओरडलो. तो आनंद खरा होता. तो साधारण सहा सेकंद टिकला, कारण पुढे चौक होता.

चौकात उभे राहिल्यावर मात्र त्या कॅमने आपले खरे दात दाखवले. मूळचे इंजीन सातशे-आठशे फेऱ्यांवर मांजरासारखे गुरगुरत असे. हे बाराशेच्या खाली आले, की "भट्... भुट्-भट्... (शांतता)... भॉक्!" अशी त्याची बोली. आरसा थरथरायचा, पुढची गाडी आरशात नव्हे तर काचेतूनच दोन दिसायची. उभ्या गाडीतही पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून त्याला सारखे जागे ठेवावे लागे. तान्ह्या मुलाला झोपवण्यात रात्री गेल्या, आता या थोराडाला जागवण्यात दिवस जाऊ लागले. शेजारच्या इंग्रज बाईंनी अत्यंत सभ्यपणे चौकशी केली, की गाडीची तब्येत बरी नाही का. पेट्रोल तर गाडी पीत नव्हती, सांडत होती. आमच्या सौभाग्यवतीने तीन शनिवार सहन केले. चौथ्या शनिवारी ती पिशव्या घेऊन बसस्टॉपकडे चालू लागली. भांडली असती तर बरे वाटले असते.

तेव्हा बसून मी जो हिशेब केला, तो आधी करायला हवा होता. तो इथे फुकट देतो. या गाडीत चौथ्या गिअरमध्ये १००० फेऱ्यांना वेग पडतो ताशी सुमारे १८ मैल. इथे वस्तीतल्या रस्त्यांवर मर्यादा सहसा ३० मैलांची आणि मोटरवेवर ७० मैलांची. म्हणजे चौथ्या गिअरमधला सगळा कायदेशीर संसार साधारण १७०० ते ३९०० फेऱ्यांच्या मध्ये होतो. माझ्या नव्या कॅमला खरी जाग यायची ३५०० नंतर आणि तो रंगात यायचा ६५०० ला. चौथ्या गिअरमध्ये ६५०० म्हणजे ताशी ११६ मैल, लायसेन्स जप्त. तिसऱ्यात ६५०० म्हणजे ८४ मैल, तरीही जप्त. राहता राहिला दुसरा गिअर. म्हणजे मी शेकडो पौंड खर्च करून जी ताकद विकत घेतली, ती सज्जन माणसाला वापरता यावी अशी जागा एकच : गावाबाहेर, दुसऱ्या गिअरमध्ये, दोन चौकांच्या मधले सहा सेकंद. आणि त्या सहा सेकंदांच्या बदल्यात मी उरलेला सगळा दिवस देऊन टाकला होता. हा सौदा एखाद्या सावकाराने केला असता, तर लोकांनी त्याला शिव्या दिल्या असत्या. कॅटलॉगात त्याला 'परफॉर्मन्स' म्हणतात.

इथवर हे हसण्यावारी नेता आले असते आणि मी नेलेही असते. पण २०१३ च्या फेब्रुवारीत आमचा कोल्हापूरकर गेला.

त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबांच्या मागे तुमची हिरवी गाडी असू दे. त्यांना आवडलं असतं." नाही कसे म्हणणार? सकाळी साडेनऊला आम्ही दोघे त्याच्या दारात गेलो. इकडची पद्धत अशी, की शवाची काळी गाडी घरून निघताना तिच्यापुढे उंच टोपीवाला माणूस सुरुवातीला काही अंतर पायी चालतो. काळी गाडी त्याच्या मागे चालत्या माणसाच्या वेगाने जाते, आणि तिच्या मागे बाकीच्या गाड्या. पहिली गाडी आमची.

चालता माणूस जातो ताशी तीन मैल. या गाडीत पहिल्या गिअरमध्ये १००० फेऱ्यांना ताशी पाच मैल वेग पडतो. मूळचे इंजीन सातशे फेऱ्यांवर, क्लचला हात न लावता... पाय न लावता म्हणा, साडेतीन मैलांनी बैलगाडीसारखे निवांत चालले असते. अधूनमधून क्लच जरासा दाबला, की झाले. माझे इंजीन बाराशेच्या खाली श्वास घेत नव्हते. बाराशे म्हणजे सहा मैल. म्हणजे मी दर दोन पावलांना क्लच दाबायचा, इंजीन विझू नये म्हणून रेस द्यायची, आणि सोडायचा. त्या शांत गल्लीत, डोकी उघडी करून उभ्या असलेल्या माणसांच्या मधून, माझ्या मित्राच्या मागे मी "भॉऽऽ... भट्... भॉऽऽ..." करत चाललो होतो. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत प्लग काळे झाले, कार्बोरेटरमधून बंदुकीसारखा एक बार निघाला आणि गाडी बंद पडली. टोपीवाल्याने मागे वळून पाहिले नाही. त्याचा तो सभ्यपणा मला अजून टोचतो.

काळी गाडी वळून गेली. मागच्या गाड्या आम्हाला वळसा घालून निघाल्या. त्यातल्या एकीत मी बायकोला बसवून दिले. मी बॉनेट उघडून चारही प्लग काढले, पुसले, परत लावले. गाडी सुरू झाली तेव्हा पाऊण तास गेला होता. इकडे स्मशानातसुद्धा वेळ ठरवून दिलेली असते. अर्ध्या तासाचा विधी, की पुढच्यांची पाळी. मी पोचलो तेव्हा दारात दुसऱ्याच कुणाची तरी माणसे उभी होती.

चार दिवस बायको काही बोलली नाही. पाचव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला." एवढेच.

तर आता गरम कॅमवाल्यांशी दोन हात करायचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

ते म्हणतात, "मूळचाच कॅम घालायचा, तर स्पोर्ट्स गाडी घेतलीच कशाला?" अहो, ज्यांनी ती गाडी बनवली त्यांना 'स्पोर्ट्स' या शब्दाचा अर्थ तुमच्यापेक्षा थोडा जास्त कळत होता. ९५ अश्वशक्ती ५४०० फेऱ्यांवर मिळते, हे पाटीवर लिहिण्यासाठी. पण इंजिनाचा खरा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात तो ११० फूट-पौंड, त्यांनी ३००० फेऱ्यांवर ठेवला. जिथे माणूस दिवसभर असतो तिथे. घरात पाण्याचा नळ मोरीत असावा, गच्चीवर नव्हे, इतके साधे हे शहाणपण आहे. आणि शर्यतीच्या लोकांशी माझे भांडण नाही. १९६३, ६४ आणि ६५ अशी ओळीने तीन वर्षे एमजीबीने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत पुरी केली आहे. त्या इंजिनांना शर्यतीचाच कॅम हवा, कारण त्यांना दिवसरात्र शर्यतच पळायची होती. पैलवानाने शेरभर तूप प्यावे. पैलवानाचा फोटो भिंतीवर लावणाऱ्याने पिऊ नये.

ते म्हणतात, "पण आवाज काय येतो!" येतो ना. विलंबित न मांडता एकदम तराण्यावर उडी घेणाऱ्या गवयाचाही आवाज येतो. इंजिनाची खरी तयारी द्रुत तानेत नाही, सातशे फेऱ्यांवर एकसारख्या लयीत उभे राहण्यात दिसते. आमच्या मामांचा पुण्यातला मिस्त्री अँबॅसिडरचे काम झाले, की चालू इंजिनावर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा आणि बिडी पेटवायचा. बिडी संपेपर्यंत चहा बशीत सांडला नाही, तरच पैसे मागायचा. त्याने अश्वशक्ती हा शब्द ऐकला नव्हता.

आणि सरतेशेवटी ते म्हणतात, "गाडी माझी, पैसे माझे, तुमचं काय जातं?" याचे उत्तर मी वर देऊन चुकलो आहे. दोन सीटांची गाडी एकट्याची कधीच नसते.

ज्यांचे इंजीन या घटकेला टेबलावर आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. कॅम एकटा येत नाही, वरात घेऊन येतो. मोठा कॅम घ्याल तर आत यायचे दार उशिरा मिटते, तेव्हा हळू चालताना घेतलेला घास थोडा परत बाहेर ढकलला जातो. तो भरून काढायला कॉम्प्रेशन वाढवा, मग स्प्रिंगा बदला, कार्बोरेटरच्या सुया बदला, डिस्ट्रिब्यूटरचे टायमिंग बदला. त्यापेक्षा कॅम मूळचा घ्या आणि ते पैसे हेडवर घाला. व्हॉल्व्हच्या बैठका नीट कापून घ्या, वाटा साफ करून घ्या. या इंजिनाचा श्वास खरा अडतो तो तिथे. अगदीच हात शिवशिवत असतील तर २७० पर्यंत जा. दोन कॅममध्ये मन डळमळत असेल, तर लहान घ्या. आणि कुठलाही नवा कॅम घातलात, तरी त्याच्यावरचे टॅपेट नवेच घाला. जुने टॅपेट जुन्या कॅमशी संसार करून झिजलेले असतात. ते नव्या सुनेला नांदू देत नाहीत.

२०१३ च्या मे महिन्यात मी इंजीन पुन्हा उतरवले. अकरा जण पुन्हा दारावरून गेले. या वेळी गराजच्या दारात आमची सौभाग्यवती खुर्ची टाकून, मटार सोलत बसली होती. एकही जण "उघडलंच आहे, तर" च्या पुढे गेला नाही.

मूळच्या मापाचा नवा कॅम बसला. नवा कॅम पहिल्यांदा सुरू केला, की त्याला लगेच हळू चालू द्यायचे नसते. वीस मिनिटे दोन-अडीच हजार फेऱ्यांवर ठेवावा लागतो, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांच्या अंगवळणी पडतात. ती वीस मिनिटे बायको हातात घड्याळ धरून उभी होती. मग मी हळूहळू पाय काढला. काटा बाराशेवर आला, हजारावर आला, सातशेवर आला आणि थांबला. गुर्रर्र. इतके शांत झाले, की शेजारच्या बाई खिडकीतून डोकावल्या. बायको आत गेली आणि चहाचा कप घेऊन आली. मला वाटले, मला आणला. तिने तो इंजिनावर ठेवला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. लग्नापासून सांगताय."

चहा सांडला नाही. नंतर तो मी प्यालो, थोडा पेट्रोलचा वास येत होता.

त्या संध्याकाळी छप्पर उघडून आम्ही निघालो. भाजीला नाही, उगीचच. कोल्हापूरकराच्या गल्लीत वळलो आणि मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. गाडी चालू लागली. ताशी साडेतीन मैल. एक कुत्रे फिरवणारे आजोबा आम्हाला ओलांडून पुढे गेले. एक पोरगी तीनचाकी सायकलवरून गेली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इंजिनाने हूं की चूं केले नाही.

"एवढं हळू का चाललाय?" बायकोने विचारले.

"काही नाही," मी म्हटले, "बघत होतो, चालते का."